जंगल जागा बदलतं का? विदर्भातल्या गावांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोली-गोंदियाच्या सीमेवरच्या आणि मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत मी जंगलफेऱ्या घेते. फेरी संपली की लोक पारावर बसतात आणि प्रश्न सुरू होतात. हवामान बदलतंय हे कोणाला सांगावं लागत नाही, ते वावरात रोज दिसतं. पण जंगलाचं काय होणार, हे विचारताना आवाज खाली येतो. तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकले की आता लिहूनच काढले.

जंगल जागा बदलतं म्हणजे झाडं चालतात का?

रुजलेलं झाड जागचं हलत नाही. पण जंगल म्हणजे एक झाड नव्हे. रोज काही झाडं मरतात, काही उगवतात, या दोन्हींच्या हिशेबातून जंगल उभं असतं. एका कडेला म्हातारी झाडं पडतात आणि त्यांच्या जागी त्याच जातीचं पोर उभं राहत नाही. दुसऱ्या कडेला, जिथे ती जात आधी तग धरत नव्हती, तिथे चार रोपं जगून जातात. असं पन्नास-शंभर वर्षं चाललं की त्या जातीचा पट्टा सरकलेला दिसतो.

प्रत्येक जातीची चाल वेगळी असते. येन, धावडा, मोह, सालई सगळे हातात हात घालून निघाले असं होत नाही. एक मागे राहतं, दुसरं पुढे जातं, आणि जे जंगल तयार होतं ते जुन्या जंगलाची नक्कल नसते.

म्हणून फेरीच्या सुरुवातीलाच मी लोकांना मान खाली घालायला सांगते. डोक्यावरचं झाड शंभर वर्षांपूर्वीच्या पावसाने रुजवलेलं आहे. आजच्या हवेत काय जगतंय हे कळायला गुडघ्याएवढं रोप बघावं लागतं. पुढची बहुतेक उत्तरं फिरून याच रोपापाशी येतात.

असं कुठे घडलेलं मोजलंय का?

हो. पश्चिम युरोपातल्या डोंगरांवर जंगलात वाढणाऱ्या १७१ वनस्पतींच्या जुन्या-नव्या नोंदी शास्त्रज्ञांनी ताडून पाहिल्या. त्या वनस्पती दर दशकाला सरासरी २९ मीटर वर चढल्याचं २००८ साली प्रसिद्ध झालं. थंडी वर सरकली, तिच्यामागून झाडोराही सरकला.

आपल्याला जास्त उपयोगाचा अभ्यास मात्र अमेरिकेच्या पूर्व भागातला आहे, २०१७ सालचा. तिथे ८६ जातींच्या झाडांच्या सुमारे ३५ वर्षांच्या नोंदी तपासल्या. उन्हं वाढली म्हणजे झाडं उत्तरेकडे, गारव्याकडे सरकली असतील असा सगळ्यांचा होरा होता. बरीच सरकलीही. पण त्याहून जास्त जाती पश्चिमेकडे सरकल्या होत्या, कारण पावसाचं मान बदललं होतं. झाडं गारव्यापेक्षा पाण्याच्या मागे जास्त गेली. विदर्भाचा विचार करताना मला हाच अभ्यास आधी आठवतो.

मग आपलं जंगल उत्तरेकडे सरकणार का?

मला तसं वाटत नाही. पुस्तकांत बहुधा युरोप-अमेरिकेचं चित्र असतं, तिथे उत्तरेला गेलं की थंडी वाढते. आपल्याकडे नागपूरहून उत्तरेला निघा. जबलपूर घ्या, प्रयागराज घ्या, मे महिन्यात तिथेही अंगाची तशीच लाही होते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा ४६-४७ अंशांचा उन्हाळा चुकवायला एखादी जात उत्तरेला निघाली तर शेकडो किलोमीटर जाऊनही तिच्या हाती काही लागणार नाही.

उरतात दोन वाटा. एक डोंगरावर चढायची. साधारण दीडशे मीटर चढलं की हवा एका अंशाने गार होते. पण विदर्भात डोंगर आहेत किती? मेळघाटातलं वैराट सगळ्यांत उंच, ११७८ मीटर. त्याच्यावर फक्त आभाळ. हिमालयातल्या भूर्जाला वर चढायला अजून जागा आहे, चिखलदऱ्याच्या माथ्यावरच्या झाडाला नाही. माथ्याकडे जमीनही आकसत जाते, म्हणजे वर गेलेल्यांना दाटीवाटीने राहावं लागतं.

दुसरी वाट ओलाव्याची. बुलढाणा-अकोल्याकडे वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर गोंदिया-गडचिरोलीकडे १३०० ते १५०० च्या आसपास. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना जंगल कसं बदलतं ते एसटीच्या खिडकीतूनही दिसतं. आधी बाभळी-खैराची उघडी माळरानं लागतात, मग सागाचं कोरडं जंगल आणि शेवटी आल्लापल्ली-भामरागडकडचं दाट, दमट रान. त्यामुळे आपल्याकडे हालचाल झाली तर ती बहुधा याच आडव्या दिशेने होईल, आणि त्याहून जास्त अगदी जवळच्या जवळ होईल: उघड्या उतारावरून नाल्यात, दक्षिणेकडच्या तापत्या अंगावरून उत्तरेकडच्या सावलीच्या अंगाला. एकाच टेकडीच्या दोन बाजूंना वेगळं जंगल असतं हे गुराख्याला माहीत असतं. झाडांना आसरा मिळतो तो अशाच कोपऱ्यांत.

आणखी एक अडसर आहे मातीचा. पश्चिम विदर्भ काळ्या पाषाणाचा, पूर्वेला वेगळे खडक. पाऊस सरकेल, माती सरकणार नाही. ज्या झाडाला निचऱ्याची जमीन लागते त्याला चिकट काळ्या रानात कितीही पाऊस पडला तरी करमत नाही.

पण पाऊस तर वाढणार म्हणतात. मग कोरडं कसं होईल?

वर्षाची बेरीज रोपाला कळत नाही. दोन पावसांतला खंड त्याला कळतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. चार दिवसांत महिन्याचं पाणी पडतं, ते नाल्याने वाहून जातं, आणि मग वीस दिवस उघाड. वर्षाअखेरीस नोंदवहीत पाऊस पुरेसा दिसतो, पण आपली पऱ्हाटी त्या उघाडीत करपलेली असते.

शेतकरी दुबार पेरणी करतो. जंगलाला दुबार पेरणी नाही. मोहाची टोळी, म्हणजे बी, पावसाच्या तोंडावर गळते आणि काही आठवड्यांतच तिची उगवण्याची ताकद जाते. साल वृक्षाच्या बीला तर जेमतेम आठवडाभराचा अवधी असतो. पहिला पाऊस आला, बीला कोंब फुटला आणि पाऊस दडी मारून बसला, की त्या वर्षाचं पीक गेलं. मोठ्या झाडाला याचं काही नसतं, त्याची मुळं खोल गेलेली असतात. त्यामुळे जंगल वरून हिरवंगार दिसत राहतं आणि खाली पिढी तुटत जाते.

हवामान पूर्वीही बदललं होतं. तेव्हा जंगल टिकलं, मग आता एवढी काळजी कशाला?

हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचं उत्तर विदर्भाच्या जमिनीतच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळच्या खडकावर हिमनदीने घासून गेलेल्या रेघा आहेत. देशातल्या सगळ्यांत तापणाऱ्या गावांच्या यादीत येणाऱ्या जिल्ह्यात एके काळी बर्फ सरकत होता. तो बर्फ गेल्यावर तिथे दलदलीचं जंगल वाढलं, त्यात ग्लॉसोप्टेरिस नावाची, जिभेच्या आकाराच्या पानांची झाडं होती. घुग्घुस, बल्लारपूर, वणीचा कोळसा म्हणजे तेच जंगल, २५ कोटी वर्षांहून जुनं. पण तेव्हा जंगल सरकलं नव्हतं, जमीनच सरकली होती. आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता, तिथून कोट्यवधी वर्षांत इथवर आला. तो वेग आणि आजचा वेग यांची तुलना करता येत नाही. त्या जंगलाने कोट्यवधी वर्षांत जमिनीत साठवलेला कोळसा आपण शे-दीडशे वर्षांत जाळून हवेत सोडतोय आणि आजचं जंगल त्या धुराला तोंड देतंय. दगडात उतरलेलं जंगल डोळ्यांनी पाहायचं असेल तर सिरोंचा तालुक्यात वडधमला जाऊन या. तिथे झाडांचे बुंधेच्या बुंधे दगड होऊन पडलेत.

अलीकडचा पुरावा लोणारचा. तिथल्या सरोवराच्या तळाचा गाळ काढून सुमारे ११ हजार वर्षांच्या पावसाचा अंदाज बांधला गेला. त्यात दोन दीर्घ कोरडे काळ दिसले: एक साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपली जंगलं शेकडो वर्षांची कोरड सोसून आली आहेत, हे खरं. झाडांना पळायची आणि परतायची सवय आहे.

मग फरक काय? तेव्हा बदल सावकाश होता आणि वाटेत कोणी आडवं आलं नव्हतं. हिमयुगानंतर युरोपातली झाडं वर्षाला शंभर ते पाचशे मीटर या चालीने उत्तरेला गेली असा जुना अंदाज होता. पुढे कळलं की थंडीतही उत्तरेकडे छोट्या छोट्या आसऱ्यांना काही झाडं टिकून होती आणि तिथूनच ती पसरली. म्हणजे खरी चाल त्याहूनही कमी असणार. आता तीच हवा अंगाला लागत राहावी म्हणून किती सरकावं लागेल, याची या शतकासाठीची जागतिक सरासरी २००९ साली काढली गेली, ती वर्षाला ४२० मीटर आली. सपाट प्रदेशात त्याहून जास्त. विदर्भ बराचसा सपाट आहे. आणि आपल्या झाडाने ४२० मीटर जायचं ठरवलं तर मध्ये कापूस, सोयाबीन, कालवा, खाण नाहीतर चौपदरी रस्ता लागतो.

बी असं किती लांब जातं?

ते बी कोण नेतं त्यावर आहे.

येनाच्या फळाला पंख असतात, बीजा नावाच्या झाडाच्या फळाला भोवती चकती असते, पळसाची शेंग चपटी नि हलकी असते. मृगाच्या आधीच्या वावटळीत ती उडतात. तरी बहुतेक बी झाडापासून हाकेच्या अंतरातच पडतं. सागाचं फळ थोडं वाऱ्याने, थोडं ओघळाच्या पाण्याने जातं. त्याचं कवच इतकं टणक की कितीदा दोन-तीन पावसाळे खाल्ल्यावरच ते उगवतं. अनियमित पावसात हा गुणच ठरतो, एका वर्षाचा खंड सागाला तेवढा मारत नाही.

जड आणि गोड फळांना दुसऱ्याची पाठ लागते. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, अस्वल खातं, माकडं खातात, आणि बी दूरवर विष्ठेत पडतं. बहाव्याच्या शेंगाही अस्वलाच्या आवडीच्या. चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फळं पाखरं नेतात. वड, पिंपळ, उंबर धनेशाने आणि हरियालाने पसरवले. मोहाची फळं रात्री वटवाघळं उचलतात, दुसऱ्या झाडावर बसून गर खातात आणि बी खाली टाकतात. माझ्या ओळखीच्या एका आजीच्या अंगणात मोहाचं झाड आहे, ते कोणी लावलेलं नाही. आजी सांगतात, ‘वाघळानं देलं.’

युरोपात याच गोष्टीवरून एक कोडं पडलं होतं. क्लेमंट रीड यांनी १८९९ साली हिशेब मांडला: ओकचं फळ जड, ते झाडाखालीच पडतं, मग हिमयुगानंतर ओक ब्रिटनच्या उत्तर टोकापर्यंत पोचला कसा? आपल्या चालीने गेला असता तर त्याला दहा लाख वर्षं लागली असती. फळ पक्ष्यांनी नेलं, हे रीड यांनी तेव्हाच सुचवलं होतं. आपल्याकडेही हाच नियम आहे. ज्या रानातून अस्वल, धनेश, वटवाघूळ गेलं, त्या रानातल्या झाडांचे पाय गेले. वटवाघळं अपशकुनी म्हणून त्यांचं बसायचं झाड तोडणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगते.

आमच्या मोहाखाली एकही रोप नाही. हे हवामानामुळेच ना?

बहुतेक गावांत ते एकमेव कारण नाही, आणि हे सांगताना मी कचरत नाही.

फुलं वेचायला जागा स्वच्छ हवी म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखालचा पाला जाळला जातो. त्यात मागच्या वर्षाचं कोवळं रोप जातं. उरलेलं शेळ्या खातात. टोळी तेलासाठी वेचली जाते. धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, मोह सत्तर-ऐंशी वर्षांचा, त्याच्याखाली नांगर फिरतो. अशा ठिकाणी उद्या हवामान पूर्ववत झालं तरी मोहाचं पोर उभं राहणार नाही.

हवामान या सगळ्यावर चढतं. पाला नेहमीचाच जाळला, पण उन्हाळा दोन अंश जास्त आणि रान आधीच वाळलेलं, म्हणून आग झाडाखाली न थांबता डोंगरभर गेली. रोपाला आधीही शेळी खात होती, पण तेव्हा ते पुढच्या पावसात पुन्हा फुटायचं. आता खंडामुळे फुटत नाही. दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलीत. यातलं हवामान गावाच्या हातात नाही, जाळणं आहे. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरून फुलं झेलायची, आणि पाच-दहा मोठ्या मोहांखालची जागा आलटून पालटून चार-पाच वर्षं राखायची. फुलंही स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, भाव बरा येतो.

साग टिकेल का?

साग चिवट आहे. त्याचा नैसर्गिक पट्टा भारतात केरळच्या टोकापासून मध्य भारतापर्यंत पसरलेला आहे, म्हणजे त्याने बऱ्याच तऱ्हेचा पाऊस पाहिलाय. आग लागली तर बुंध्यातून फुटतो, तोडला तर खोडफूट देतो. कोरड वाढली तर काही काळ साग इतरांची जागा घेईल असंच मला वाटतं. मात्र माळाच्या उथळ मुरमावरचा साग शेंडा वाळून मरताना दिसतो, आणि पावसाळ्याच्या शेवटी पानांची जाळी करणारी कीड साग एकसुरी असला की झपाट्याने पसरते. सगळा डोंगर एकाच जातीच्या भरवशावर सोडणं धोक्याचं आहे.

पूर्वेकडून साल आपल्याकडे येईल का?

बालाघाट, मंडला, बस्तरकडे सालाचं राज्य आहे आणि आपल्याकडे सागाचं. ही सीमा पावसाने ठरते तशीच खडकानेही ठरते. काळ्या पाषाणावर साग बरा, वाळूच्या खडकावर नि पूर्वेकडच्या जमिनीवर साल बरा. पचमढीला वाळूच्या खडकावर सालाचं वेगळं पडलेलं बेट आहे, ते बघण्यासारखं आहे. सालाचं बी आठवड्यात मरतं आणि ते ओल शोधतं. त्यामुळे तो पश्चिमेला येण्यापेक्षा मागे हटण्याचीच शक्यता जास्त.

आणि बांबू?

मानवेल काही दशकांतून एकदा फुलतो, बी देतो आणि मरतो. म्हणजे त्याला जागा बदलायची संधी माणसाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा मिळते. ज्या वर्षी तो फुलेल, त्या वर्षीची आग आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांची चराई थांबवणं, हेच खरं बांबू लावणं.

रायमुनिया सगळीकडे का पसरतेय? तीपण जागा बदलतेय का?

रायमुनिया म्हणजे घाणेरी. ती अमेरिकेतून शोभेसाठी आणली गेली आणि जंगलात घुसली. जागा बदलण्याच्या शर्यतीत तिला सगळे गुण मिळालेत: वर्षभर फळ, पाखरं बी नेतात, शेळी पान खात नाही, जळाली तरी बुडातून फुटते. एखादं जुनं झाड मरून रानात उजेडाचा तुकडा पडला की येनाचं रोप यायच्या आत घाणेरी तिथे बसलेली असते. मग खाली सावली, आणि मूळ झाडांचं रोप वर येत नाही. मागची कड मोकळी झाली म्हणजे तिथे लगेच नवं जंगल येतं असं नाही, कधी कधी नुसतं झुडूप येतं, आणि मला भीती याचीच जास्त वाटते. रानतुळशीचं आणि तरोट्याचंही थोडंफार असंच.

काढायची असेल तर पावसाळ्यात माती ओली असताना मुळासकट उपटावी. नुसती छाटली तर दुप्पट जोमाने येते. आणि काढलेल्या जागी लगेच स्थानिक गवताचं बी टाकावं.

हवेत कार्बन वाढला की झाडं जोमाने वाढतात म्हणे?

थोडंफार खरं आहे. कारखान्यांच्या युगाआधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते, आता ४२० च्या वर गेलेत. प्रयोगांत रोपं त्यामुळे जोरात वाढतात आणि पाणी काटकसरीने वापरतात. माळरानांवर झुडपं दाटण्यामागे हेही एक कारण मानलं जातं. पण पाणी आणि मातीतलं खत नसेल तर नुसत्या हवेवर झाड किती वाढणार? आणि माळरानात झाडोरा वाढला म्हणून सगळ्यांचं भलं होत नाही. माळढोक, चिंकारा, तणमोर यांना उघडं गवतच लागतं.

वाघाच्या कॉरिडॉरचा झाडांशी काय संबंध?

फार जवळचा. कॉरिडॉर म्हणजे प्राण्यांची एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायची वाट. पेंचजवळ महामार्ग ४४ वर प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उचलून घेतलाय. त्या वाटांवर वाघाचे फोटो येतात, बातम्या होतात. पण त्याच वाटेने अस्वल जातं, सांबर जातं, रानडुक्कर जातं, आणि त्यांच्या पोटातून, केसांतून बी जातं.

कॉरिडॉर म्हणजे फक्त दाट रान नव्हे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सरकारदरबारी ‘झुडपी जंगल’ नावाची जमीन आहे, पडीक म्हणून तिच्याकडे कोणी बघत नसे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वन मानावी असा निकाल दिला. झाडाच्या दृष्टीने ही झुडपं नदीतल्या दगडांसारखी आहेत, एकावरून दुसऱ्यावर पाय ठेवत पलीकडे जायची. धुऱ्यावरचा पळस, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरचा अर्जुन, पेनठाण्यातलं, म्हणजे गोंडांच्या देवस्थानातलं, येनाचं झाड, हे सगळे असेच दगड आहेत. गोंड समाजाने येनात देव पाहिला म्हणून कितीतरी गावांत जुने, बी देणारे येन आजही उभे आहेत. धुरा रुंद करायला ट्रॅक्टरवाल्याला बोलावण्याआधी एवढं ध्यानात ठेवा.

किती जंगल बदलेल? आकडा सांगा.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासात शतकाच्या अखेरीस भारतातल्या जंगलाच्या ६८ ते ७७ टक्के भागात वनप्रकार बदलण्याजोगी हवा असेल असं म्हटलं होतं. पुढच्या वेगळ्या मॉडेलांनी हे प्रमाण बरंच खाली आणलं. मी यातला कुठलाही आकडा घोकून सांगत नाही. हवा बदलणं आणि जंगल बदलणं यांत शंभर वर्षांचं अंतर असू शकतं. आणि तुमच्या जंगलाच्या तुकड्यात काय होतंय ते मॉडेलच्या एका मोठ्या चौकोनात दिसत नाही.

मग आपणच झाडं नेऊन लावली तर?

लावता येतात, पण जपून. नवी जात आणण्याआधी आपल्याच जातीचं कोरड्या भागातलं बी आणून बघावं. धावडा तोच, पण बुलढाण्याच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या धावड्याच्या बियांत कोरड सोसायची सवय असण्याची शक्यता जास्त. त्यातलं थोडं बी आपल्या स्थानिक बियांत मिसळायचं. सगळं बदलायचं नाही, कारण थंडी, माती, कीड यांची स्थानिक बियांना असलेली ओळखही मोलाची आहे. एकाच मोठ्या झाडाचं बी घेऊ नका, लांब लांबच्या वीस-तीस झाडांचं घ्या. आणि बाहेरची शोभेची जात नकोच. घाणेरीही एके काळी अशीच कोणीतरी हौसेने आणली होती.

त्याआधी एक स्वस्त काम आहे. नाल्याकाठचा थंड, सावलीचा पट्टा राखायचा. कोरड वाढली तर कळम, अर्जुन, हलदू यांना तिथेच थारा मिळणार आहे.

तेंदूपत्ता आणि मोहफुलांवर आमचं घर चालतं. त्याचं काय?

तेंदू मुळातून फुटवे देतो, त्यामुळे त्याची जात लगेच कुठे जात नाही. पण हंगाम आधीच डळमळलाय. एप्रिल-मेमध्ये अवकाळी पाऊस नि गारपीट झाली की पानाला भोकं पडतात आणि फळीवर, म्हणजे खरेदी केंद्रावर, ते नाकारलं जातं. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. एका गारपिटीत आठवड्याची मजुरी जाते. मोहफुलांच्या वेळी ढगाळ हवा राहिली तर फुलं सुकत नाहीत, काळी पडतात.

म्हणून मी गावांना म्हणते, एका-दोन वनोपजांवर घर ठेवू नका. हिरडा, बेहडा, चार, आवळा, बिबा यांचीही रोपं जपा. ज्या गावांकडे सामूहिक वनहक्क आहे त्यांना हे ठरवणं सोपं जातं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ साली मिळाला, देशात पहिल्याच गावांत. जंगल पन्नास वर्षांत कसं असावं याचा आराखडा ग्रामसभाच करू शकते, कारण पन्नास वर्षं तिथे राहणार आहे ती ग्रामसभाच.

गावाने नोंद कशी ठेवायची?

फार सोपी ठेवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी बंद पडते. दिवाळीनंतर, गवत खाली बसल्यावर, जंगलात पाच ठिकाणी दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखा: एक नाल्यात, एक माथ्यावर, एक दक्षिण उतारावर, एक उत्तर उतारावर, एक गावाजवळ. कोपऱ्यांना दगड रोवा. प्रत्येक जातीची रोपं तीन मापांत मोजा: घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, माणसाच्या उंचीची. जातीचं नाव गावच्या बोलीतच लिहा. दर वर्षी त्याच आठवड्यात, शक्यतो त्याच माणसांनी.

घोट्याएवढी खूप आणि माणसाच्या उंचीचं एकही नाही, तर बी रुजतंय पण चराई किंवा आग खातेय. घोट्याएवढंही नाही, तर बी येत नाही किंवा उगवत नाही. माथ्यावर शून्य आणि नाल्यात भरपूर असं दहा वर्षं दिसलं, तर ती जात खाली उतरतेय.

सोबत मोहाचं पहिलं फूल, पळसाचा बहर, टेंभरं पिकल्याची तारीख लिहा. शाळेतली मुलं हे काम मन लावून करतात. ‘सीझनवॉच’ या देशभरच्या उपक्रमात अशा नोंदी पाठवता येतात. गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीतही त्यांना जागा आहे.

खुणा केलेली रोपं उन्हाळ्यात वाळून गेली. मोजणीतून काढून टाकू का?

काढू नका. कोरड्या रानातली कितीतरी रोपं, साग, येन, तेंदू, दर उन्हाळ्यात वरून मरतात. वर काडी दिसते किंवा तीही दिसत नाही. खाली मूळ जिवंत असतं, आणि प्रत्येक पावसाळ्यात ते थोडं जाड होतं. एखाद्या वर्षी पुरेसं बळ साठलं की एकाच हंगामात रोप कमरेएवढं होऊन जातं, मग ते मागे पडत नाही. काही रोपं असं दहा-दहा वर्षं करतात. एका गावात आम्ही मेलेलं समजून सोडलेल्या सागाच्या रोपाची माती बोटांनी उकरली, तर आत गाजराएवढं मूळ होतं.

वहीत त्या रोपापुढे ‘वर दिसत नाही’ एवढंच लिहा, खुणेचा दगड जागेवर राहू द्या आणि आर्द्रा सरल्या की पुन्हा जाऊन बघा.